भावानं फाइल टाकली, पुढे काय? अमेरिकेच्या फॅमिली पिटिशनची उकल

"आमच्या दादानं फाइल टाकून ठेवली आहे, नंबर लागला का निघायचं." प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, नागपूरच्या कुठल्याही भागातल्या लग्नाच्या पंगतीत हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या आवाजात खात्री असते. ऐकणारा लगेच विचारतो, "मग घर विकणार का?" फाइल म्हणजे नेमकं काय, ती कोणाकडे आहे, नंबर कसला आणि तो लागल्यावर काय होतं, हे मात्र दोघांनाही नीट माहीत नसतं.

ही फाइल म्हणजे आय-१३० नावाचा अर्ज, यालाच फॅमिली पिटिशन म्हणतात. तो अमेरिकेत राहणारा नातेवाईक करतो, नागपुरातल्या माणसाने करायचा नसतो. तिथलं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं, म्हणजे यूएससीआयएस, त्यात दोनच गोष्टी बघतं. अर्ज करणारा खरोखर अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक (तिथे कायम राहण्याचा परवाना असलेला) आहे का, आणि ज्याच्यासाठी अर्ज केला त्याच्याशी सांगितलेलं नातं खरं आहे का. दोन्हींची उत्तरं 'हो' आली की अर्ज मंजूर होतो. मंजुरीचं पत्र आलं की घरात पेढे वाटले जातात. पण त्या पत्राने अमेरिकेत पाय ठेवण्याचा, तिथे राहण्याचा किंवा काम करण्याचा कसलाही हक्क मिळत नाही. शेगावला गर्दीच्या दिवशी दर्शनबारीत उभं राहिलेल्या माणसाचं दर्शन झालं असं कोणी म्हणत नाही. त्याची जागा धरली गेली, एवढंच.

आणि ही जागा धरण्याचा अधिकारही अमेरिकेत राहणाऱ्या प्रत्येकाला नसतो. मुलगा पंधरा वर्षं तिकडे आहे, स्वतःचं घर आहे, दोन गाड्या आहेत, तरी तो एच-वन-बी व्हिसावर, म्हणजे नोकरीपुरत्या मुदतीच्या व्हिसावर असेल तर आई-बाबांसाठी आय-१३० भरू शकत नाही. भारतीय इंजिनियरांची नोकरीतून ग्रीन कार्ड मिळण्याची रांग स्वतःच इतकी लांब आहे की अनेकांची उमेदीची वर्षं तिच्यात जातात. ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो (नवरा किंवा बायको नागरिक असून दोघं एकत्र राहत असतील तर तीन वर्षांनी), आणि आई-वडिलांना बोलावण्याचा हक्क नागरिकालाच आहे. म्हणून "एवढी वर्षं झाली, अजून आम्हाला बोलावत काऊन नाही?" असं मुलाला विचारण्याआधी त्याच्याकडे कुठला कागद आहे तेवढं विचारून घ्यावं. पुष्कळ घरांतला रुसवा तिथेच मिटेल.

कोण कोणाला बोलावू शकतो

नागरिकाचे नवरा-बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि (नागरिक स्वतः २१ पूर्ण असेल तर) आई-वडील हे 'इमिजिएट रिलेटिव्ह', म्हणजे अगदी जवळचे नातेवाईक. त्यांच्यासाठी वर्षाला अमुक इतकेच व्हिसा अशी मर्यादा नाही, त्यामुळे रांगही नाही. जो वेळ जातो तो अर्ज तपासणं, कागद जमवणं आणि मुलाखत यांत, साधारण वर्ष-दोन वर्षं.

बाकी नाती 'प्रेफरन्स' वर्गांत मोडतात आणि तिथे कोटा आहे. नागरिकाची २१ वर्षांवरची अविवाहित मुलं पहिल्या वर्गात, म्हणजे एफ-१ मध्ये. ग्रीन कार्डधारकाचे नवरा-बायको आणि लहान मुलं एफ-२ए, मोठी अविवाहित मुलं एफ-२बी. नागरिकाची विवाहित मुलं एफ-३, आणि नागरिकाचे भाऊ-बहीण एफ-४. यादी इथे संपते. काका, मामा, आत्या, आजी-आजोबा, पुतणे, भाचे, सासू-सासरे यांच्यासाठी थेट अर्जाची सोयच नाही. ग्रीन कार्डधारकाला तर आई-वडील, भाऊ-बहीण आणि विवाहित मुलं यांच्यापैकी कोणासाठीही अर्ज करता येत नाही.

सासू-सासऱ्यांच्या बाबतीत नागपुरात एक गोंधळ वरचेवर दिसतो. जावई नागरिक झालेला, मुलगी अजून ग्रीन कार्डवर, आणि सगळे जावयालाच म्हणतात, "तुम्हीच टाका ना आई-बाबांची फाइल." जावईबापू कितीही चांगले असोत, त्यांना ते शक्य नाही. मुलीने स्वतः नागरिक व्हायचं आणि मग स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, एवढा एकच रस्ता आहे.

जवळच्या नात्यांना रांग नाही, तशी त्यांच्या अर्जात सोबत्यांना जागाही नाही. वडिलांच्या अर्जावर आई जात नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी फी. घरात धाकटी अविवाहित बहीण असेल तर तीही आई-बाबांच्या अर्जात बसत नाही. कोट्याच्या वर्गांत मात्र उलट आहे. भावासाठी केलेल्या एकाच अर्जावर वहिनी आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं जाऊ शकतात, अर्ज केल्यानंतर जन्मलेली मुलंसुद्धा.

त्या धाकट्या बहिणीचं पुढे काय होतं, ते नीट वाचा, कारण आपल्याकडच्या लग्न ठरवण्याच्या घाईशी याची थेट टक्कर होते. आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळालं की ते तिच्यासाठी एफ-२बी मध्ये अर्ज करू शकतात. तिथे काही वर्षांची रांग आहे. आता या मधल्या काळात चांगलं स्थळ आलं आणि लग्न लागलं, तर त्या दिवशी अर्ज आपोआप रद्द होतो. ग्रीन कार्डधारकाच्या विवाहित मुलीसाठी कायद्यात वर्गच नाही. आई किंवा बाबा आधी नागरिक झाले असते आणि लग्न नंतर झालं असतं, तर तोच अर्ज विवाहितांच्या वर्गात सरकला असता. रांग लांबली असती, पण जागा टिकली असती. अर्ज रद्द झाल्यावर घटस्फोट घेऊनही तो जिवंत होत नाही. मुहूर्त काढताना गुरुजींना हे विचारून उपयोग नाही, पण घरात आधी बोलणं झालेलं बरं.

रांग इतकी लांब का

आजच्या रांगांचे आकडे अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने ठरवले आहेत. कुटुंबाच्या कोट्यातून वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा. त्यातले भावा-बहिणींना ६५,०००, विवाहित मुलांना २३,४००, मोठ्या अविवाहित मुलांना २३,४०० आणि उरलेले ग्रीन कार्डधारकांच्या कुटुंबांना. हे सगळ्या जगासाठी. शिवाय कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. भारतासारख्या देशाला आणि चिमुकल्या बेटाला टक्केवारी तीच.

त्यात भर म्हणजे भावाचा एक अर्ज हा रांगेतला एक माणूस नसतो. भाऊ, वहिनी, दोन मुलं असे चार व्हिसा त्या ६५ हजारांतून वजा होतात. पाच अर्ज निकालात निघाले की वीसेक व्हिसा संपले.

आय-१३० ज्या दिवशी यूएससीआयएसकडे पोचला ती तारीख म्हणजे 'प्रायॉरिटी डेट'. ती पावतीवर छापलेली असते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं आणि त्यात प्रत्येक वर्गासमोर, देशानुसार, एक तारीख देतं. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर नंबर लागला. तारीख कधी काही आठवडे पुढे जाते, कधी महिनोन्महिने हलत नाही आणि मागणी वाढली तर मागेसुद्धा येते. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक कागद जमा करायला कधी सुरुवात करायची त्याचा, दुसरा व्हिसा प्रत्यक्ष कधी मिळू शकतो त्याचा. व्हॉट्सअॅपवर फिरणारी 'खुशखबर' बहुधा पहिल्या तक्त्यातली असते.

२०२५ मध्ये भारतातल्या भावा-बहिणींच्या वर्गात २००६ सालचे अर्ज चालू होते. विवाहित मुलांच्या वर्गात २०१०-११ चे. भावा-बहिणींच्या रांगेत बाकी जगही फार पुढे नव्हतं, २००८ च्या आसपास. मेक्सिको तर २००१ वर अडकलेला.

म्हणजे दादाने २००६ मध्ये फाइल टाकली तेव्हा धाकटा भाऊ ४० वर्षांचा असेल, तर नंबर लागताना तो साठीला टेकलेला. तेव्हा सात वर्षांचा असलेला मुलगा आता सव्वीस वर्षांचा, पुण्याला नोकरीत, कदाचित लग्न झालेला. ज्या मुलांच्या भविष्यासाठी फाइल टाकली ती मुलं त्या फाइलमध्ये उरलेलीच नसतात. जातात ते दोघं, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, नोकरी शोधायला. आज जे अर्ज करतील त्यांना १९-२० वर्षंच लागतील असंही नाही. २००६ नंतर रांगेत किती माणसं येऊन उभी राहिली त्यावर ते ठरेल. माझं मत विचाराल तर भावा-बहिणीसाठी अर्ज जरूर करावा, फी सातशे डॉलरच्या आत आहे. पण त्या भरवशावर मुलांचं शिक्षण, घर, नोकरी यांतला एकही निर्णय थांबवू नये.

मुलं वयाने बाहेर पडतात त्यावर २००२ च्या एका कायद्याने थोडा दिलासा दिला आहे. हिशेब असा: नंबर लागला त्या दिवशीचं मुलाचं वय घ्यायचं आणि आय-१३० मंजूर व्हायला जेवढा काळ लागला तेवढा त्यातून वजा करायचा. समजा अर्ज २००६ मध्ये केला आणि तो चार वर्षांनी, २०१० मध्ये मंजूर झाला. २०२५ मध्ये नंबर लागला तेव्हा मुलगी २४ वर्षांची. चार वजा केले की कायद्याच्या लेखी ती २० ची, म्हणजे आई-बाबांबरोबर जाऊ शकते; अट एवढीच की ती अविवाहित असावी आणि नंबर लागल्यापासून एक वर्षाच्या आत व्हिसासाठी पाऊल उचललेलं असावं. गंमत अशी की मंजुरीला उशीर झाला म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं नशिबाला बोल लावला, त्यांच्याच मुलांना तो उशीर कामी येतो. ज्यांचं वय या वजाबाकीनंतरही २१ च्या वर राहतं, त्यांना मात्र बापाची जुनी तारीख वापरून नव्या रांगेत पुढची जागा मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो प्रश्न निकालात काढला.

या लांब रांगेचा आणखी एक धोका आहे, त्यावर घरात बोलणं जिवावर येतं. अर्ज करणारा दादा वारला तर अर्ज आपोआप रद्द होतो. नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनियरिंग कॉलेजातून किंवा मेडिकल कॉलेजातून शिकून साठ-सत्तरच्या दशकांत गेलेली ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. अर्ज आधीच मंजूर झालेला असेल तर मानवतेच्या आधारावर तो पुन्हा सुरू करण्याची विनंती करता येते, पण आर्थिक हमी द्यायला दुसरा जवळचा नातेवाईक उभा करावा लागतो आणि निर्णय पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो.

राहिला टुरिस्ट व्हिसा. त्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की तुमच्यासाठी कधी कोणी इमिग्रंट पिटिशन केलं आहे का. खरं उत्तर द्यायचं. 'हो' म्हटल्याने व्हिसा नाकारलाच जातो असं नाही, पण तुम्ही परत येणार हे अधिकाऱ्याला पटवून देणं अवघड होतं. खोटं उत्तर पकडलं गेलं तर मात्र पुढे फाइलसुद्धा संपते. आई-बाबांना दरवर्षी नातवंडांना भेटायला जायचं आहे एवढीच इच्छा असेल, तर टुरिस्ट व्हिसा हातात असताना ग्रीन कार्डाची घाई का करायची, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

कागद इथलेच

अर्ज अमेरिकेत भरला जातो, पण तो अडतो नागपूरच्या कागदांवर. नातं सिद्ध करायचं म्हणजे जन्माचा दाखला. भावासाठी अर्ज असेल तर दोघांचे दाखले लागतात आणि दोन्हींवर आई-वडिलांची नावं तीच हवीत.

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या नोंदी असतील तर असतील. शहरातला जन्म असेल तर महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात शोध घ्यायचा. काटोल, उमरेड, रामटेककडच्या खेड्यातला असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मिळते का ते बघायचं. जुन्या मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवून ठेवत असे. जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्यांना हे बुक चांगलं ठाऊक आहे. अडचण अशी की त्यात पुष्कळदा "अमुकला मुलगा झाला" एवढंच असतं. नाव नंतर बारशाला ठेवलं, ते लिहायला कोतवालाकडे परत कोण जाणार? अशी बिननावाची नोंद एकटी पुरत नाही.

मग नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा, सोबत शाळा सोडल्याचा दाखला, मॅट्रिकची सनद, आणि ज्यांना त्या जन्माची प्रत्यक्ष माहिती आहे अशा दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. ती वडीलधारी मंडळी हयात असतानाच हे करून ठेवलेलं बरं. आता साठाव्या वर्षी नवीन जन्मनोंद करून आणली तर अमेरिकेचे अधिकारी तिच्याकडे संशयानेच बघतात, जुने शालेय कागद त्यांना जास्त पटतात. शिवाय महाराष्ट्रात उशिराच्या जन्मनोंदींचे नियम २०२५ मध्ये चांगलेच कडक झाले आहेत, तेव्हा "मी करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

शाळेच्या दाखल्याचीही आपली तऱ्हा आहे. गुरुजींनी वर्गातल्या अर्ध्या पोरांची जन्मतारीख १ जून किंवा १ जुलै लावून टाकलेली. महापालिकेच्या नोंदीत खरी तारीख, शाळेत दुसरी, पासपोर्टावर शाळेचीच. हा फरक लपवू नये. सोबत एक साधं स्पष्टीकरण आणि प्रतिज्ञापत्र जोडलं तर बहुधा निभावतं.

सगळ्यात जास्त त्रास आईच्या नावाचा. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात काढलेलं दुसरं, आडनाव बदललेलं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं. मोठ्या मुलाच्या दाखल्यावर सासरचं नाव, धाकटीचा जन्म आजोळी झाला म्हणून तिथल्या नोंदीत माहेरचं. नागपूरच्या माणसाला यात काही खटकत नाही. तिकडचा अधिकारी मात्र दोन वेगळ्या बायका समजतो. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, असेल तर राजपत्रातली नोंद, असा दुवा तयार करावा लागतो. जुन्या लग्नांची नोंदणीच झालेली नसते. चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंद आज करता येते, ती आधी उरकून घ्यावी; पत्रिका आणि फोटो सोबतीला चालतात, प्रमाणपत्राच्या जागी नाही. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन भावांनी दोन तऱ्हांनी लिहिलं असेल तर त्याचाही खुलासा सुरुवातीलाच द्यावा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते सरकारमान्य माणसानेच करायला हवं असं नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीही करावं, खाली "भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात" असं लिहून सही करावी. यासाठी पानामागे हजार रुपये मोजण्याचं कारण नाही. आय-१३० चा फॉर्मसुद्धा यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर फुकट आहे. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. कोट्यातला नंबर पुढे सरकवून देणारा एजंट अस्तित्वात नाही. खोटं लग्न दाखवून केलेला अर्ज पकडला गेला तर त्या माणसासाठी पुढे कोणाचाच अर्ज मंजूर होत नाही, खऱ्या लग्नाचासुद्धा.

हमी आणि मुंबईची मुलाखत

नंबर लागला की फाइल परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे असते. तिथे फी भरायची (माणशी ३२५ डॉलर आणि हमीपत्र तपासणीचे १२०), डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज करायचा आणि कागद चढवायचे.

हमीपत्र म्हणजे आय-८६४. बोलावणाऱ्याचं उत्पन्न तिकडच्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावं लागतं, आणि मोजताना त्याच्या घरची माणसं अधिक येणारी माणसं धरतात. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आई-बाबा अशा सहा जणांना २०२५ च्या आकड्यांप्रमाणे वर्षाला सुमारे ५४,००० डॉलर. कमी पडत असेल तर दुसरा सहहमीदार चालतो. पण मित्राच्या भावासाठी सही करणाऱ्याने समजून करावी: ही हमी कायद्याने बांधणारी आहे, आणि आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती सुटत नाही. नवरा-बायकोच्या बाबतीत घटस्फोटानेही नाही.

नागपूरकरांची मुलाखत मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात होते. दुरांतो घ्या, विदर्भ घ्या, नाहीतर समृद्धीने जा. पण ऐन आदल्या दिवशी पोचू नका, वैद्यकीय तपासणीसाठी वेळ हातात ठेवा. ही तपासणी दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते, आपल्या धंतोलीच्या फॅमिली डॉक्टरचं सर्टिफिकेट चालत नाही. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा डाग दिसला तर थुंकीच्या कल्चरचा निकाल यायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत हे अगदीच अनपेक्षित नाही, म्हणून तिकिटं व्हिसा हातात आल्यावरच काढावीत. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट कार्यालयातून मिळतं. काही वर्षं सौदीत किंवा कुवेतला नोकरी केली असेल तर तिथलंही लागतं, आणि ते मिळवायला वेळ जातो.

कार्ड मिळाल्यावर

आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळतं, ते चार महिने राहतात, उन्हाळ्याच्या आत नागपूरला परततात आणि पुढच्या दिवाळीनंतर जाऊ म्हणतात. इथेच घोटाळा होतो. ग्रीन कार्ड हे तिथे कायम राहणाऱ्याचं कार्ड आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर विमानतळावर प्रश्न विचारतात, सलग वर्षभर बाहेर राहिलं तर त्या कार्डावर परत शिरता येत नाही. जास्त राहायचंच असेल तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, रीएंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो. ते जास्तीत जास्त दोन वर्षांचं असतं.

आजारपणाचा खर्च हा त्याहून मोठा प्रश्न. पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मेडिकेअर, नव्याने आलेल्या आई-बाबांना हप्ता भरूनही पहिली पाच वर्षं मिळत नाही. तोवर खासगी विमा घ्यायचा, आणि तो मुलाच्या खिशातून जातो. शिवाय कार्डधारक झालात की इथली पेन्शन, ठेवींचं व्याज, घरभाडं हे सगळं तिकडच्या कर विवरणात दाखवावं लागतं, आणि इथल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त रक्कम असेल तर तीही वेगळी कळवावी लागते. तिकडे राहायला गेल्यावर बँकेची साधी बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती करून घ्यायची. नरखेडची संत्र्याची बाग नावावर असेल तर ती ठेवता येते, पण अनिवासी झाल्यावर शेजारचं शेत नव्याने विकत घेता येत नाही.

आणि ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे त्यांच्यासाठी एक काम. २००६ च्या फाइलमध्ये दिलेला पत्ता बहुधा महाल भागातल्या जुन्या वाड्याचा असतो, जो कधीच बिल्डरला दिला, आणि ईमेल सायबर कॅफेत उघडलेला, ज्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नाही. नॅशनल व्हिसा सेंटरने नंबर लागल्याचं कळवल्यावर वर्षभर कोणी प्रतिसाद दिला नाही तर ते नोंदणीच रद्द करण्याची कारवाई सुरू करतात. दादाला फोन करून मंजुरीच्या पत्राची प्रत मागवून घ्या, त्यावरचा रिसीट नंबर लिहून ठेवा आणि पत्ता, फोन, ईमेल बदलल्याचं दोघांच्याही बाजूने कळवा.